मदत हवी आहे: पावसाळ्यात गाडी बंद राहणार, बॅटरी आणि बुरशीचं काय करू?

नमस्कार मंडळी. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही गावी नसू. पेट्रोल वॅगनआर चिपळूणला पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहील. शेजारी लक्ष ठेवतील, पण गाडी चालवणारं कोणी नाही. लाइट सारखी जाते, त्यामुळे चार्जर लावून ठेवणं जमणार नाही.

टाकी फुल करणार आहे, कारण इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओल धरतं. टायरमध्ये हवा थोडी जास्त, हँडब्रेक न ओढता पहिला गिअर आणि चाकांना लाकडी ठोकळे, एवढं ठरलंय.

गेल्या पावसाळ्यात मात्र बॅटरी पार उतरली आणि सीटवर बुरशी आली. कोकणातली हवाच तशी! कव्हर घातलं होतं, आत डांबरगोळ्याही ठेवल्या होत्या.

निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवलं तर पुरेल, की बॅटरी काढून घरात ठेवावी? आणि बुरशीसाठी काचा किंचित उघड्या ठेवाव्यात की घट्ट बंद?