मदत हवी आहे: आयटीआर-१ (पगारदारांचं आयकर रिटर्न) ला फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) लागतो, कंपनी देत नाही

आर्वीकर_टेस्टर
पुण्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंग गावातूनच करतो. महिन्याला ५५ हजार, त्यातून १०% कापतात. फॉर्म १६ मागितला तर एचआरवाली म्हणते, तुम्हाला मिळत नाही. मग पगारातून कापता कशाला? वर्षाचे ६६ हजार अडकलेत. लवकर सांगा, इकडे लाइटचा भरवसा नाही.

खातेवही
आयकर पोर्टलवर २६एएस उघडा, तुमच्या नावावर कापलेल्या कराचा तो उतारा. कलम १९२ (पगार) दिसतं की १९४जे (व्यावसायिक फी)?

संत्रावाला
भाऊ, कायले डोकं खाता? सारं शेतीत दाखवा न् मोकळे व्हा.

खातेवही
@संत्रावाला असले सल्ले नकोत. टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तेव्हाच रक्कम आयकर खात्याला कळली. सातबारा दाखवून ती संत्र्याची होत नाही.

आर्वीकर_टेस्टर
१९४जे. सातबारा बाबांच्या नावावर आहे.

खातेवही
मग हा पगार नाहीच, व्यावसायिक फी आहे. फॉर्म १६ए मागा, पगार सोडून इतर रकमेवर कापलेल्या कराचा दाखला, तो कंपनीला द्यावाच लागतो. आयटीआर-४ भरा, कलम ४४एडीए. आयटीचं काम त्यात बसतं. जमेच्या ५०% नफा धरायचा, खर्चाची बिलं दाखवावी लागत नाहीत.

नागपुरी_कोडर
सरसकट ५०% कशाला? लॅपटॉप, इन्व्हर्टर, दोन-दोन नेट धरून माझा खर्च ६०% च्या वर जातो. आयटीआर-३ भरा, त्यात खरा खर्च दाखवता येतो. आणि जीएसटी नंबर घेऊन टाका, मी घेतलाय.

खातेवही
५०% पेक्षा कमी नफा दाखवला आणि उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर गेलं की हिशेबवह्या आणि ऑडिट आलंच. सीएची फी कोण देणार? जीएसटी २० लाखांच्या आत लागत नाही. हौसेने घेतला तर रिटर्न भरत बसा.

आर्वीकर_टेस्टर
अमेरिकेचा एक क्लायंट पण आहे, वर्षाचे ३ लाख. तो काही कापत नाही. धरायचे का?

खातेवही
हे आत्ता सांगताय! धरायचेच. एकूण ९.६० लाख, निम्मे ४.८०. दुसरं उत्पन्न नसेल तर आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. ६६ हजार परत येतील.

संत्रावाला
आयटीआर भरलं का बाबाचे पीएम किसानचे २००० बंद होते, सांगून ठेवतो.

धामणगावची_लेक
बाबांचे कसे बंद होतील? त्या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं. कमावता मुलगा त्यात येत नाही.

संत्रावाला
आमच्या गावात तं झाले बापा.

आर्वीकर_टेस्टर
१६ए साठी मेल टाकला. रिफंडला सहकारी बँकेचं खातं चालेल?

खातेवही
आयकर पोर्टलवर व्हॅलिडेट झालं (खात्याची पडताळणी झाली) तर चालेल. पासबुकावर नाव पॅनसारखंच आहे ना?