गळपट्टीवरची रेषही पाहा

जपानी शाही नौदलाच्या अधिकाऱ्याचा जुना गडद निळा कोट पारखताना गळपट्टीवरच्या साकुराच्या, म्हणजे चेरीच्या, फुलांवरून हुद्दा ओळखतात. त्यात एक भर घालतो. फुलं मोजताना रंगीत रेष आहे का तेही पाहा. लाल रेष वैद्यकीय अधिकाऱ्याची, पांढरी हिशेब आणि पुरवठा पाहणाऱ्याची, जांभळी अभियंत्याची. १९४२ मध्ये अभियंते मुख्य शाखेत सामावले गेले आणि जांभळी रेष बंद झाली, म्हणजे ती दिसली तर वस्तू बहुधा त्याआधीची.

अधिकारी गणवेश स्वखर्चाने शिवून घेत. त्यामुळे दोन अस्सल कोटांच्या कापडात, शिवणीत फरक असतोच. तेवढ्यावरून नकली ठरवू नका. आतल्या बाजूला सुइकोशाचं, म्हणजे १८७६ साली स्थापन झालेल्या नौदल अधिकारी संस्थेचं लेबल मिळालं तर फारच उत्तम.

अस्तरावर शाईने नाव लिहिलेलं असेल तर कृपा करून ते धुऊ नका. काही विक्रेते कोट 'स्वच्छ' करून विकतात, त्याचा मला मनापासून राग येतो. तो कोट कुणाचा होता, हे सांगणारी तेवढीच एक खूण उरलेली असते. कसर मात्र लगेच आवरा, लोकरीचं ती वाटोळं करते.