एनबीएचा पहिला मोसम 1946-47 कसा काय?

फास्टब्रेक
एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने 2021-22 मध्ये 75वा मोसम दणक्यात साजरा केला, म्हणजे मोजणी 1946-47 पासून. त्या वर्षी एनबीए नावाची लीग नव्हतीच. होती ती बीएए, म्हणजे बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका. तिच्याही आधी, 1937 पासून, एनबीएल म्हणजे नॅशनल बास्केटबॉल लीग चालू होती. ऑगस्ट 1949 मध्ये दोन्ही एकत्र आल्या आणि एनबीए हे नाव पडलं. मग बीएएचे गुण, विजेते, विक्रम सगळे एनबीएच्या खात्यात, आणि एनबीएलचं काहीच नाही. हे मला साफ चुकीचं वाटतं.

त्या काळचा सर्वांत गाजलेला खेळाडू जॉर्ज मायकन, त्याचंच बघा. 1947-48 मध्ये त्याच्या मिनियापोलिस लेकर्सनी एनबीएलची फायनल जिंकली. लेकर्सच्या अधिकृत विजेतेपदांत ते धरत नाहीत. त्याच मोसमात बाल्टिमोर बुलेट्सनी बीएए जिंकली, ते मात्र एनबीएचे विजेते!

जुनाजाणता
एनबीएलबद्दल आदर आहे, पण तिचा पहिला मोसम कसा चालला ते माहीत आहे ना? वेळापत्रक टीमांनी आपापसात ठरवायचं, किमान दहा सामने खेळायचे, बस. दहा-दहा मिनिटांचे चार भाग की पंधरा-पंधराचे तीन, हेसुद्धा यजमान टीमने ठरवायचं. टीमा गुडइयर, फायरस्टोन, जनरल इलेक्ट्रिक अशा कंपन्यांच्या. याला राष्ट्रीय व्यावसायिक लीग म्हणायचं का?

बीएएच्या मागे मोठ्या शहरांतल्या बंदिस्त स्टेडियमचे मालक होते. आइस हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहू नये, हा त्यांचा हिशेब. अध्यक्ष मॉरिस पोडोलॉफ हेही हॉकीतलेच, आणि तेच पुढे 1963 पर्यंत एनबीए चालवत होते. 48 मिनिटांचा सामना बीएएने आणला, एनबीएलमध्ये 40 होता. आजही 48च आहे. संस्था तीच, माणूस तोच, नियम तोच. मग सुरुवात दुसरीकडून कशी मोजणार?

फास्टब्रेक
1937 चं मान्य, पण तुलना 1946-47 ची करा. हॉल मोठे होते, खेळाडू एनबीएलकडे होते. टोरांटोत 1 नोव्हेंबर 1946 ला न्यूयॉर्क निक्सनी हस्कीजना 68-66 हरवलं, तो बीएएचा पहिला सामना. लोक यावेत म्हणून काय केलं? हस्कीजच्या सहा फूट आठ इंची जॉर्ज नॉस्ट्रँडपेक्षा जो उंच असेल त्याला तिकीट माफ! बॉस्टनमध्ये सेल्टिक्सच्या घरच्या पहिल्याच सामन्याआधी सराव करताना त्यांच्याच चक कॉनर्सच्या हातून काचेचा बॅकबोर्ड, म्हणजे रिंगमागची फळी, फुटला. दुसरा बॅकबोर्ड बॉस्टन गार्डन या दुसऱ्या हॉलमधून आणावा लागला, आणि तिथे तेव्हा रोडिओ, म्हणजे काउबॉयांचे घोडे-बैलांचे खेळ, चालू होता. प्रेक्षक ताटकळत बसले.

प्लेऑफची, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांची, रचना तर अजबच. दोन्ही गटांतल्या अव्वल टीमा फायनलआधीच एकमेकींसमोर. प्रशिक्षक रेड ऑरबाख यांची वॉशिंग्टन कॅपिटल्स साखळीत 49 जिंकून फक्त 11 हरली होती, तिला शिकागोने तिथेच घरी पाठवलं. मोसम संपल्यावर टोरांटो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, पिट्सबर्ग, चार टीमा बंद. अकरातल्या चार!

जुनाजाणता
बंद पडल्या, तरी लीग टिकली ना? शिवाय फिलाडेल्फिया वॉरियर्सचा जो फुल्क्स विसरू नका. सामने साठ-सत्तर गुणांत संपायचे तेव्हा हा गडी सरासरी 23.2 काढत होता, तेही उडी मारून फेकत. त्याच्या नंतरचा खेळाडू सतराच्याही खाली. फायनल वॉरियर्सनी शिकागोविरुद्ध 4-1 अशी मारली. ही काही दुय्यम दर्जाची करमणूक नव्हे.

फोर्टवेनकर
मी सध्या इंडियानात, फोर्ट वेनला असतो, तेव्हा बोलायलाच हवं. पिस्टन्स ही मूळची इथली टीम. झोलनर यांचा पिस्टनचा कारखाना होता, त्यावरून नाव. 1957 मध्ये ती डेट्रॉइटला गेली. आजच्या एनबीएत एनबीएलमधून आलेल्या पाच टीमा आहेत: पिस्टन्स, लेकर्स, किंग्ज, हॉक्स आणि सिक्सर्स. बीएएच्या पहिल्या मोसमातल्या उरल्या तीन: निक्स, सेल्टिक्स, वॉरियर्स. आणि 1949 ते 1955 सलग सात विजेतेपदं एनबीएलमधून आलेल्या टीमांनीच नेली. पाच मिनियापोलिस (लेकर्स), एक रोचेस्टर (आजची किंग्ज), एक सिरॅक्यूज (आजची सिक्सर्स). पोडोलॉफना हॉल कसे भरतील याची काळजी होती, म्हणून तर त्यांनी 1948 मध्ये एनबीएलमधून मायकनसकट चार टीमा फोडून आणल्या.

जुनाजाणता
फोडून आणल्या, म्हणजे कोण कोणाकडे आलं? मोठ्या शहरांत खेळायचं म्हणून एनबीएलवाले बीएएत आले. बीएए काही फोर्ट वेनला गेली नाही. मायकनला मोठेपण मिळालं ते एनबीएल गाजवल्यामुळे नव्हे, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या पाटीवर त्याचं नाव झळकलं तेव्हा.

फास्टब्रेक
मोठेपण कुठे मिळालं याने केलेले गुण पुसले जात नाहीत. आणि मला सर्वांत जास्त लागतं ते वेगळंच. 1946-47 मध्ये बीएएत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. त्याच मोसमात एनबीएलमध्ये रोचेस्टरकडून डॉली किंग आणि बफेलोत सुरू झालेल्या ट्राय-सिटीज या टीमकडून पॉप गेट्स खेळत होते. 1948-49 मध्ये तर डेटन रेन्स ही संपूर्ण कृष्णवर्णीय टीम एनबीएलमध्ये खेळली, प्रशिक्षक पॉप गेट्स. 1949 च्या विलीनीकरणात तिला एनबीएत जागा मिळाली नाही, आणि एनबीएत पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले ते 1950 मध्ये. एनबीएलचे आकडे वगळले की डेटन रेन्सचा तो मोसमही वगळला जातो.

जुनाजाणता
डेटनचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर वाद नाही. पण त्यासाठी वेगळी नोंद करा. दोन लीगचे नियम वेगळे, सामन्याची मिनिटं वेगळी, ते आकडे एका तक्त्यात कसे बसवणार? 1946 माझ्या लेखी कायम.

फोर्टवेनकर
नियम तर 1954 मध्ये 24 सेकंदांचं घड्याळ (तेवढ्या वेळात बास्केटकडे चेंडू फेकायलाच हवा) आल्यावरही बदलले, आणि ती कल्पना सिरॅक्यूजचे मालक डॅनी बियासोनची, म्हणजे एनबीएलवाल्याचीच. त्याआधीचे आकडे त्याच तक्त्यात आहेत ना?