माजघराचं सिमेंट खरवडलंय, आता पुढे काय?

कसबेकरीण

नमस्कार मंडळी. पुण्याच्या कसबा पेठेत आमचा दोनचौकी वाडा आहे. पुढचा चौक भाडेकरूंचा, मागचा आमचा. भाडं खोलीमागे 22 रुपये, तेही मनिऑर्डरने, कारण बोलचाल नाही. (सगळा दोष त्यांचाच असं नाही. आमचे आजोबाही भांडणात कमी नव्हते.)

1998 ला बाबांनी माजघराच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारला. इतकं गुळगुळीत झालं की गल्लीतले लोक बघून गेले. तेव्हापासून दर दिवाळीला पोपडे काढायचे, लांबी (पुट्टी) भरायची, रंग द्यायचा. या फेब्रुवारीत कंटाळून गवंडी बोलावला. छिन्नी लावली तर पत्रा सुटावा तसा गिलावा सुटला आणि आत भिंत ओली. फेब्रुवारीत! वीट नखाने खरवडली तर पिठासारखी हातात आली. मधल्या सागवानी खांबाचा तळखड्यावरचा (खालच्या दगडी बैठकीवरचा) वीतभर भाग पोकळ वाजतो. त्याच खांबावर माझ्या छातीच्या उंचीला आजोबांनी चाकूने कोरलंय, 12-7-61. पानशेत धरण फुटलं तेव्हाचं पाणी तिथवर चढलं होतं. गल्लीतले चार वाडे त्या दिवशी बसले, आमचा राहिला.

चुलतभाऊ म्हणतो, पुरात तरला तो आता बिल्डरला देऊन मोकळे होऊ. त्याच्यावर माझा राग नाही, चिंचवडच्या फ्लॅटचे हप्ते आहेत त्याच्या डोक्यावर. पण वाडा हेरिटेज यादीत श्रेणी 3 मध्ये आहे म्हणून बिल्डर बिचकतात, तेव्हा ‘यादीतून नाव काढून घेऊ’ हे नवीन पालुपद सुरू झालंय. शेजारच्या वाड्याला 264 ची (धोकादायक बांधकामाची, महापालिकेची) नोटीस लागल्यापासून तर जास्तच.

चुन्याचं काम खरोखर जमतं का, की नुसती हौस? आणि यादीत असणं आमच्या फायद्याचं की गळफास?

चुन्याची_घाणी

ताई, आधी एक सांगा, पाणी येतंय कुठून? जमिनीतून चढतंय, पन्हळीतून झिरपतंय की भिंतीपलीकडे कुणाची मोरी आहे? हे कळल्याशिवाय चुन्यावर एक रुपयाही घालवू नका. तीस वर्षं जुन्या बांधकामांवर सुपरवायझर होतो. वाडे पडतात ते वयाने नाही, बहुतेक वेळा फुटक्या कौलाने आणि तुंबलेल्या पन्हळीने.

तुमच्या भिंतीचा दोष सिमेंटचा नाही, ते लावलं कुठे याचा आहे. मातीत बांधलेली वीट ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट आणि ऑइलपेंट म्हटल्यावर ओल आत कोंडली. आता खालचा तीन-चार फूट पट्टा उघडा करा आणि सगळा उन्हाळा तसाच ठेवा. घरात धूळ होईल, पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू देत. सगळी भिंत एकदम सोलू नका.

चुना जमतो. कळीचा चुना आणून विझवायचा (उकळतो तो, डोळ्यांना जपा, पोरांना लांब ठेवा), मग पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. त्यात वाळू, सुरखी (विटांची पूड), गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. चुना मळायची बैलाची घाणी आता कुठली, मिक्सरमध्येही होतं. पातळ थर द्यायचे, ओल्या गोणपाटाने झाकायचे. पहिल्या थरानंतर गवंडी ‘उद्या दुसरा मारतो’ म्हणाला तर त्याला चहा देऊन घरी पाठवा.

खांबाला आधी दोन्ही बाजूंनी टेकू. मग कुजका वीतभर भाग कापून जुन्या सागाचा तुकडा सांधायचा. अख्खा खांब बदलायची गरज नाही, तुमची तारीख राहील.

दिंडीदरवाजा

यादीबद्दल लिहितो. यादीत नाव आलं म्हणून वाडा सरकारजमा होत नाही, मालकी तुमचीच. श्रेणी 1 ला जवळपास हात लावता येत नाही, 2 मध्ये आतले बदल जमतात, 3 मध्ये बरीच मोकळीक असते, फक्त परवानगीची पायरी वाढते. हेरिटेजमुळे जो एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल तो हक्क) वापरता येत नाही त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मागायची सोय आहे. भावाला आधी तो हिशोब एखाद्या आर्किटेक्टकडून कागदावर करून दाखवा. कागद वेळ खातात, ते गृहीत धरा. दुरुस्तीचे फोटो तारखेनिशी ठेवा, उद्या 264 ची नोटीस आली तर तेच कामाला येतील.

एक सांगतो, पटलं तर बघा. भिडे वाड्यात 1848 ला फुल्यांनी मुलींची शाळा काढली. स्मारकाची जागा मिळेपर्यंत इतकी वर्षं गेली की 2023 च्या डिसेंबरात वाडा पाडूनच ती ताब्यात आली. इतकं मोठं नाव असून ही गत, तर तुमच्या-माझ्या वाड्यांना कोण विचारतो? आपणच.

संडासाची_रांग

मी नाना पेठेतल्या वाड्यात भाडेकरू म्हणून वाढलो. नऊ बिऱ्हाडं आणि चौकात दोन संडास. आजीचं खुब्याचं हाड पहाटे तिथेच मोडलं, शेवाळावर पाय घसरून. त्यामुळे वाड्यावरच्या कविता ऐकल्या की माझं डोकं फिरतं. हेरिटेज वॉकवाले दारावरच्या गणेशपट्टीचे फोटो काढून जातात, पाण्याची बादली कुणी उचलत नाही.

तुमचा वाडा राहावा असं मलाही वाटतं. पण पुढच्या चौकात घरटी संडास द्या, मग चुन्याचं बघा. तुम्ही भाडेकरूंना मोजतच नाही, आणि वाड्यात राहतात निम्मे तेच.

कसबेकरीण

सगळ्यांचे आभार. संडासवाल्या दादांचं लागलं, पण खरं आहे.

घाणीकाकांचं ऐकून पाणी शोधलं. माजघराच्या भिंतीपलीकडे पुढच्या चौकातल्या काकूंची मोरी आहे. अकरा वर्षांनी त्यांच्या दारात उभी राहिले. चहा नाही, पण आत घेतलं. फरशी उचकटली तर खाली खापराची नळी, मधोमध फुटलेली. सगळं पाणी सरळ आमच्या भिंतीच्या पायात. काकू म्हणाल्या, “तुझ्या बाबांना सत्त्याण्णवलाच सांगितलं होतं. ते म्हणाले, तुमचं तुम्ही बघा.” आणि पुढच्या वर्षी बाबांनी सिमेंट मारलं!

नवीन पाइप टाकला, खर्च निम्मा निम्मा. त्याच खोदकामात त्यांच्या खोलीला संडासाची लाइन घेता येईल असं प्लंबर म्हणतोय, त्याचा अंदाज सोमवारी येईल. भाऊ टीडीआरचा कागद बघायला तयार आहे, ‘फक्त बघायला’ असं दोनदा बजावून. भिंत पावसाळ्यापर्यंत उघडीच ठेवतेय. भाडं मात्र मनिऑर्डरनेच येणार, काकूंनी निघताना स्पष्ट सांगितलंय.