स्टोरेजमधल्या ७ नंबरच्या डिस्कवर केशरी लाईट लागलाय, काढून नवीन घालू का?

टॉवेलनगरी_आयटी

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात आयटी बघतो, म्हणजे सर्व्हर, नेटवर्क, कॅमेरे, प्रिंटर सगळं माझ्याच गळ्यात, हाताखाली एक पोरगा. आमच्याकडं २०१८ला घेतलेला १२ डिस्कचा स्टोरेज बॉक्स आहे, ४ टीबीच्या ७,२०० आरपीएमच्या एनएल-सॅस डिस्क (सर्व्हरसाठीच्या मोठ्या फिरत्या डिस्क), ११ डिस्कचं मिळून एकच रेड ५, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो अशी जोडणी, आणि बारावी हॉट स्पेअर, म्हणजे एखादी गेली तर तिच्या जागी लागायला तयार ठेवलेली. मी यायच्या आधीपासून असंच आहे. कंपनीची वॉरंटी संपली, आता एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट, एका लोकल पार्टीकडं. ह्याच्यावर ईआरपीचा (बिलं-चलनं ज्यात होतात ते सॉफ्टवेअर) डेटाबेस, एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि जॅकार्डच्या डिझाईन फायली, ज्या परत बनवायच्या म्हटल्या तर बनणार नाहीत कारण ज्यांनी काढल्या त्यातले निम्मे मास्तर आता कामावर नाहीत.

गेले पंधरा दिवस ईआरपी लई स्लो चाललंय, एक चलन सेव्ह करायला चाळीस-चाळीस सेकंद, बिलिंगवाले रोज बोलायलेत. स्विच बदलून बघितला, केबल बदलली, फरक शून्य. मंगळवारी सर्व्हर रूममध्ये गेलो तर ७ नंबरवर केशरी लाईट. मेनूत प्रेडिक्टिव्ह फेल्युअर, म्हणजे डिस्क लवकरच जाणार, असं दाखवतंय, पण स्पेअर काही आपोआप लागलेली नाही. एएमसीवाले फोनवर म्हणायलेत, खेचून काढा, नवीन घाला, रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत तयार होणं) आपोआप होतंय. मालक म्हणतात डिस्क चालू आहे ना, मग कशाला हात लावायचा. मला दोन्ही पटेना झालंय. बॅकअप रोज रात्री एका नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या वेगळ्या स्टोरेजवर, जातो, हिरवा टिक येतो. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी सांगा, काय करू?

हुतात्म्याने_येजा

दादा, मी मूळचा सोलापूरचा, पुण्यात स्टोरेजवरच काम करतो, शनिवार-रविवार हुतात्मा एक्स्प्रेसने घरी येतो. आधी एकच सांगतो, ती डिस्क आज ओढू नका.

कारण बघा, रेड ५ मध्ये एक डिस्क बाहेर गेली की तिच्यातला डेटा उरलेल्या १० डिस्कवरून हिशेब करून परत तयार करावा लागतो, म्हणजे त्या दहाच्या दहा डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या, ४० टीबी. एनएल-सॅस डिस्कच्या कागदावर साधारण १२५ टीबी वाचल्यावर एखादा न वाचता येणारा सेक्टर निघू शकतो असं असतं, साध्या डेस्कटॉप डिस्कला हाच आकडा १२.५ टीबी. तुमच्या डिस्क नव्या असत्या तर मी एवढा घाबरलो नसतो, पण ह्या सगळ्या एका दिवशी घेतलेल्या, बहुतेक एकाच लॉटच्या, एकाच उन्हाळ्यात तापलेल्या. सातवी थकली म्हणजे बाकीच्या ताज्या आहेत असं नाही. आणि रिबिल्ड चालू असताना दुसरी गेली की रेड ५ मध्ये सगळंच जातं.

माझ्या आधीच्या कंपनीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एक डिस्क गेली, आम्ही बदलली, ४ टीबीला १०० एमबीच्या वेगाने अकरा तास लागतील असा कागदावरचा हिशेब, पण दिवसा अकाउंट्सचं काम चालू ठेवलं म्हणून तिसरा दिवस उजाडला, आणि ७० टक्क्यांच्या पुढं गेल्यावर दुसऱ्या डिस्कने मान टाकली. त्या संध्याकाळी अकाउंट्सच्या मॅडम माझ्या टेबलाशेजारी खुर्ची घेऊन नुसत्या बसून राहिल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. ते मी विसरू शकत नाही.

आता स्लो कशामुळं ते. मला वाटतं डिस्कमुळं नाही, कंट्रोलरची, म्हणजे बॉक्समधल्या सगळ्या डिस्क चालवणाऱ्या कार्डाची, बॅटरी गेली असणार. बॅटरी चांगली असते तेव्हा सर्व्हरने लिहायला दिलेलं कंट्रोलर आपल्या कॅशेत (तात्पुरत्या मेमरीत) घेतो आणि लगेच झालं म्हणतो, डिस्कवर सावकाश उतरवतो. बॅटरी गेली की लाईट गेल्यावर कॅशेतलं जाईल म्हणून तो राईट-थ्रूवर जातो, प्रत्येक गोष्ट डिस्कवर लिहिल्याशिवाय हो म्हणत नाही. आणि रेड ५ ला एक छोटं राईट म्हणजे चार कामं, जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी (गेलेला डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब) वाच, नवा डेटा लिही, नवी पॅरिटी लिही. ७,२००च्या डिस्कला हे कसं झेपणार. इव्हेंट लॉगमध्ये पंधरा दिवसांपूर्वीची तारीख शोधा.

तर क्रम असा ठेवा, आधी बॅकअप, मग एक पूर्ण स्क्रब (सगळ्या डिस्क वाचून तपासणं) चालवून बाकीच्या डिस्कवर खराब सेक्टर आहेत का बघा, मग डिस्क बदला.

एएमसीत_१४_वर्षं

वरच्या सरांचं बाकी सगळं बरोबर, पण स्क्रब आत्ता चालवू नका ओ. स्क्रब म्हणजे पण सगळ्या डिस्क पूर्ण वाचणंच आहे, जी मेहनत आपण टाळायला बघतोय तीच. स्क्रब महिन्याच्या महिन्याला चालू असायला पाहिजे होता, पेशंट दारात पडल्यावर पळायची टेस्ट घेत नाहीत. आत्ता ज्या फायली सगळ्यात महत्त्वाच्या त्या पहिल्यांदा बाहेर काढा.

आणि दुसरं, जे मला लई महत्त्वाचं वाटतं. तुमची ७ नंबर मेलेली नाही, मरणार म्हणून सांगायली. हीच तर संधी आहे. खेचली की जिवंत डिस्क तुम्ही हाताने मारली, मग दहा डिस्कवर भार. त्याऐवजी मेनूत बघा, कुणी त्याला रिप्लेस म्हणतं, कुणी कॉपी टू स्पेअर, कंपनीप्रमाणे नाव बदलतं, त्याने ७ नंबरवरचा डेटा सरळ स्पेअरवर कॉपी होतो, एका डिस्कवरून एका डिस्कवर, आणि ती कॉपी संपेपर्यंत रेड शाबूत राहतं. एखादा सेक्टर सातवरून वाचता आला नाही तर तेवढाच बाकीच्यांवरून काढतो. स्पेअर आपोआप का लागली नाही, तर बऱ्याच बॉक्समध्ये नुसत्या प्रेडिक्टिव्हवर स्पेअर लागत नाही, डिस्क पूर्ण गेल्यावरच लागते. ते सेटिंग असतं, बघून घ्या.

मी एएमसीचंच काम करतो म्हणून सांगतो, फोनवरून "खेचून काढा" म्हणणारा माणूस तुमच्या लॉगकडं बघून बोलत नसतो. त्याला लॉग मेल करा आणि उत्तर लेखी मागा. आणि डिस्क काढायच्या आधी मेनूतून लोकेट करून लाईट ब्लिंक होऊ द्या, कारण काही बॉक्समध्ये मोजणी शून्यापासून असते, सातवी म्हणून शेजारची चांगली डिस्क काढलेली मी दोन ठिकाणी बघितली आहे.

हुतात्म्याने_येजा

स्क्रबचं मान्य. मी आमच्या नेहमीच्या सेटअपच्या सवयीने लिहिलं, ह्या अवस्थेत नको. दादा, ह्यांचं ऐका.

दवाखाना_सर्व्हररूम

मी सोलापुरातच एका हॉस्पिटलचं आयटी सांभाळते, एक्स-रे, सीटी, एमआरआयची इमेज सगळी स्टोरेजवर. डिस्कचं वर आलंच आहे, मला बॅकअपचं विचारायचंय. हिरवा टिक येतो म्हणालात, पण परत आणून बघितलंत का कधी? म्हणजे नॅसवरून एखादी जुनी फाईल दुसऱ्याच मशीनवर काढून, उघडून, आत सगळं आहे का ते?

टिक फक्त एवढंच सांगतो की सांगितलेलं काम झालं. काय सांगितलं होतं ते तो तपासत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब ह्या सॉफ्टवेअर कंपनीत चुकून चालू डेटाबेस पुसला गेला होता, तेव्हा कळलं की बॅकअपच्या पाच पद्धती लावलेल्या पण एकही भरवशाने चालत नव्हती, शेवटी एका इंजिनियरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला सहा तासांपूर्वीचा स्नॅपशॉट (त्या वेळच्या डेटाची कॉपी) होता म्हणून वाचले. त्यांनी ते सगळं स्वतः उघडपणे लिहून ठेवलं. एवढ्या मोठ्या टीमचं असं होतं तर आपण दोघा-तिघांत चालवणाऱ्यांनी तर दर महिन्याला रिस्टोअर करून बघायलाच पाहिजे. आमच्याकडं पहिल्या तारखेला मी एका पेशंटचा सीटी परत काढते आणि रेडिओलॉजीच्या डॉक्टरांना उघडून दाखवते, सही घेते.

अजून एक, तो नॅस डोमेनमध्ये जोडलेला असेल, अ‍ॅडमिनच्याच पासवर्डने उघडत असेल, तर व्हायरस आला की बॅकअपसकट लॉक होतो. एक कॉपी अशी ठेवा जी वायरला लागलेलीच नाही.

आणि टॉवेलचा कारखाना म्हणालात म्हणून विचारते, सर्व्हर रूम लूमपासून किती लांब? बॉक्सचं पुढचं जाळीचं झाकण काढून बघा एकदा, रुई बसली असेल. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, त्यात हवा आत जायची वाट बंद असेल तर एसी असून उपयोग नाही. कॉम्प्रेसरची हवा मात्र आत मारू नका, रुई आतच जाऊन बसते.

टॉवेलनगरी_आयटी

सर, ताई, सगळ्यांचे मनापासून आभार, चार दिवस लिहायला वेळ मिळाला नाही, आता सविस्तर सांगतो.

बॅटरीचं शंभर टक्के बरोबर निघालं. लॉगमध्ये कॅशे राईट-थ्रू, बॅटरी फेल, आणि तारीख ईआरपी स्लो झाल्याच्या आदल्या दिवसाची. मी पंधरा दिवस स्विचच्या मागं लागलो होतो.

झाकण काढलं ताई. आतून पांढरा थर बसलेला, बोटाने कडेला उचलला तर गोधडीच्या आतल्या कापसासारखा एका तुकड्यात निघाला, हातभर. काढल्यावर तासाभरात डिस्कचं तापमान ५१ वरून ४३ वर आलं. सर्व्हर रूमची मागची भिंत विव्हिंगला लागून आहे आणि एसीच्या पाईपसाठी पाडलेलं भोक कुणी बुजवलंच नव्हतं, आता बुजवलं.

पण खरा धक्का बॅकअपने दिला. एक्स्पोर्टची २०२१ची फाईल काढली, आली. ईआरपी दुसऱ्या मशीनवर उचलला, आला. डिझाईनचं फोल्डर उघडलं तर रिकामं. दीड वर्षापूर्वी जागा कमी पडली म्हणून डिझाईन नव्या व्हॉल्यूमवर हलवल्या होत्या, बॅकअपच्या जॉबमध्ये जुनाच पाथ राहिला, तिथं रिकामं फोल्डर होतं, तो रोज रिकामं फोल्डर नेऊन हिरवा टिक देत होता. ताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी बघितलंच नसतं. मालकांना मी ते रिकामं फोल्डर स्क्रीनवर दाखवलं. ते दोन मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, काय लागतंय ते आण.

८ टीबीची एक बाहेरची डिस्क नवी पेठेतून तासाभरात आणली, ६ टीबी डिझाईन, बारक्या बारक्या फायली असल्यामुळं दोन रात्री गेल्या. शंभर फायली कुठूनही उचलून डिझाईन सेक्शनच्या मास्तरांकडून उघडून घेतल्या, सगळ्या उघडल्या, मग ती डिस्क काढून ऑफिसच्या तिजोरीत ठेवली. मेनूत कॉपी टू स्पेअर सापडलं, शुक्रवारी रात्री ९ ला लावलं, पोरगा आणि मी आळीपाळीने बसलो, शनिवारी दुपारी २ ला पूर्ण झालं, मध्ये १९ सेक्टर वाचता आले नाहीत ते त्याने बाकीच्यांवरून घेतले. मग लोकेट करून ७ नंबर काढली आणि नवी डिस्क स्पेअर म्हणून घातली.

बॅटरी अजून यायचीय. आता मालक नवीन बॉक्सला तयार आहेत, रेड ६ सांगू का सगळं एसएसडी सांगू?

एएमसीत_१४_वर्षं

लई छान केलंत. ते १९ सेक्टर बघा, खेचली असती तर अख्ख्या डिस्कचा भार बाकीच्या दहांवर पडला असता.

मोठ्या फायलींना रेड ६ च घ्या, दोन डिस्क गेल्या तरी तगतं, आणि ईआरपीपुरत्या चार एसएसडी वेगळ्या, रेड १० मध्ये, म्हणजे प्रत्येक डिस्कची हुबेहूब कॉपी जोडीच्या डिस्कवर. सगळं एसएसडी केलं म्हणून निश्चिंत होऊ नका. एचपीई ह्या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच कळवलं होतं की त्यांच्या काही सॅस एसएसडी फर्मवेअरच्या (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामच्या) चुकीमुळं ३२,७६८ तास पूर्ण झाले की बंद पडतात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, आणि एका दिवशी चालू केलेल्या सगळ्या एका वेळी. नवं फर्मवेअर टाकलं की सुटत होतं, पण टाकायला तर पाहिजे. तेव्हा कोटेशनमध्ये फर्मवेअर अपडेट कोण करणार आणि किती महिन्यांनी हे लिहून घ्या, स्क्रबचं वेळापत्रक पण.

दवाखाना_सर्व्हररूम

आणि जुना बॉक्स भंगारात देऊ नका एवढ्यात, बॅटरी बसली की तोच दुसरी बॅकअप कॉपी म्हणून वापरा, फक्त लूमच्या भिंतीपासून लांब. तिजोरीतली डिस्क दर किती दिवसांनी बदलणार ते ठरवलंत का?

टॉवेलनगरी_आयटी

दोन डिस्क केल्यात ताई, दर सोमवारी अदलाबदल, तिजोरीची किल्ली मालकांकडं असते म्हणून त्यांच्यासमोरच होते.