चार इयत्ता, एकच खोली: पुस्तकं आणि साधनं निवडायला मदत हवी आहे (गोवा)

नमस्कार मंडळी,

मी सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी एकाच खोलीत, पटावर 17 मुलं आणि शिकवणारी मी एकटी. बहुतेकांच्या घरी कोंकणी, तिघांच्या घरी कन्नड. यंदा पालकांनी वर्गासाठी थोडे पैसे जमवून दिलेत. त्यांच्या कष्टाचे पैसे आहेत, म्हणून एकही वस्तू कपाटात पडून राहायला नको. काय घेऊ, ते तुम्ही अनुभवी मंडळींनी सांगावं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त हाताळली जातात ती माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’मधली पुस्तकं. घरातल्या एकेका माणसावर एकेक छोटं पुस्तक. पहिलीतलं मूल अक्षरओळख नसतानाही चित्रं बघून बोलू लागतं आणि चौथीतलं मूल तेच पुस्तक त्याला वाचून दाखवतं. एक पुस्तक चारही इयत्तांना पुरणं ही आमच्यासारख्या शाळेत फार मोठी गोष्ट आहे. वाचून झालं की प्रत्येकजण आपल्या घरातल्या माणसावर एक पान तयार करतो. काजूच्या भट्टीवर राबणारा काका, कुळागरात सुपाऱ्या गोळा करणारी आजी, सगळे त्या पानांवर येतात. लहानगे सांगतात, मोठे लिहून घेतात. कोंकणीत सांगितलं तर कोंकणीतच लिहायचं, असा आमचा नियम आहे. दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे कुणाचं अडत नाही. पानं दोऱ्याने शिवून झालेलं हे पुस्तक मुलं छापील पुस्तकांपेक्षा जास्त वेळा मागतात.

प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मी घरी गोष्टी उतरवून घेते आणि छापून आणते. मोफत आहेत, वाचनाच्या चार पातळ्या केलेल्या आहेत, मराठीबरोबर कोंकणीही मिळते.

गणितासाठी झावळीचे हीर, म्हणजे पात्यांमधल्या काड्या. दहा हिरांची जुडी म्हणजे दशक, दहा जुड्या म्हणजे शतक. 42 मधून 17 काढायचे तर दोन सुट्ट्यांतून सात जात नाहीत. मग मूल स्वतःच्या हाताने एक जुडी सोडतं, सुटे बारा होतात, त्यातले सात बाजूला ठेवतं, पाच राहतात. उरलेल्या तीन जुड्यांतली एक काढली की 25. फळ्यावर नुसतं ‘दशक सुटा करा’ म्हणण्यापेक्षा हे कितीतरी लवकर पोचतं.

आता अडचणी. मी पहिलीजवळ अक्षरं घेऊन बसते तेव्हा तिसरी-चौथीचा दिलेला अभ्यास लगेच संपतो. त्यांना आपलं आपण करता येईल आणि आपलं आपण तपासता येईल असं काम हवं आहे. दुसरीत काही मुलांना अक्षरं येतात, पण वाक्य वाचताना ती अडखळतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. त्यांच्यासाठी काय निवडू? आणि पावसाळा! चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीनंतर कपाट उघडलं की पुस्तकांवर बुरशी. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण एकदा गेलेलं पुस्तक आमच्याकडे परत येत नाही.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापक, फोंडा

बाई, नवी पुस्तकं थोडीच घ्या, पण आवडत्या पुस्तकाच्या दोन प्रती घ्या. दोघांनी शेजारी बसून एकच पान वाचलं की अडखळणारा टिकतो.

स्वतः तपासायच्या कामासाठी कार्डं करा, पुढे प्रश्न, मागे उत्तर. तिसरीसाठीची कार्डं चौथीकडून करून घ्या. प्रश्न तयार करताना त्यांचाच अभ्यास पक्का होतो. लहानांना चिंचोके द्या. मधून फोडलेले दहा चिंचोके टाकायचे, पांढरी बाजू किती, काळी किती ते लिहायचं. 6 आणि 4, 7 आणि 3. दहाच्या सगळ्या जोड्या खेळताखेळता पाठ होतात.

एक कळकळीची विनंती. मोजायला कच्च्या काजूबिया वर्गात ठेवू नका. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. लाल गुंजा तर मुळीच नकोत. त्या दिसायला सुंदर असल्या तरी चावल्या गेल्या तर अतिशय विषारी.

प्रतिसाद: सहशिक्षिका, डिचोली

दुसरीसाठी एकच वाक्य पुन्हापुन्हा येतं अशा गोष्टी निवडा. आधी तुम्ही ओळीखाली बोट फिरवत मोठ्याने वाचा, ते वाक्य आलं की मुलांना म्हणू द्या. मग गोष्टीतली वाक्यं पट्ट्यांवर लिहून क्रम लावायला द्या. गोष्ट तोंडपाठ असल्यामुळे डोळे शब्द ओळखू लागतात. यात पाठांतर होतंय म्हणून घाबरू नका.

मोठ्यांसाठी अरविंद गुप्तांची आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी करून बघा. काड्या ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून केलेला त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चौकोन लगेच तिरका होतो. मग मुलांना शाळेच्या छपराची कैची (छपराला आधार देणारी चौकट) दाखवा आणि तिथे त्रिकोण का, ते त्यांनाच शोधू द्या. आमच्याकडे यावर अख्खी दुपार गेली होती. गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकंही मोफत आहेत.

प्रतिसाद: ग्रंथालयात काम करणारा एक वाचक, पणजी

बुरशीचं मूळ कोंडलेल्या दमट हवेत आहे. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पुस्तकं दाटीने खोचू नका. रोजची पुस्तकं आतल्या भिंतीलगत दोरीवर अडकवा, म्हणजे हवाही लागते आणि मुखपृष्ठंही दिसतात. सुट्टीत घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, पण आधी पूर्ण सुकवून. पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. बुरशी आलीच तर बाहेर उघड्यावर नेऊन कोरड्या मऊ फडक्याने पुसा. डांबरगोळ्या नकोतच. बुरशी त्याने थांबत नाही आणि मूल खाऊ समजून तोंडात टाकेल.

मूळ प्रश्नकर्ती

सर, ताई, दादा, मनापासून आभार. दोन-दोन प्रती, दोरी आणि झाकणाचे डबे यादीत घातले. चिंचोके मुलंच घरून आणतील.

अजून एक विचारते. कन्नड बोलणारी ती तीन मुलं गोष्टीच्या वेळी गप्प बसतात. स्टोरीवीव्हरवर कन्नड गोष्टी आहेत, पण मला वाचता येत नाही. त्यांच्या आयांपैकी एक छान वाचते, मात्र सकाळी ती बागायतीत कामाला जाते. कुणी पालकांना वर्गात बोलावून वाचन घेतलं आहे का? वेळ कशी जमवलीत आणि बाकीच्या मुलांना त्यात कसं सामावून घेतलंत?