लाईट गेली, अपडेट अर्धं राहिलं, मिंट उठेना

बांधावरचा (तालुका दारव्हा):
राम राम राजेहो. गावात फॉर्म भरायचं लहानसं दुकान हाय, जुना डेस्कटॉप, त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट. काल अपडेट सुरू असतानाच लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीचीच बसली. आता चालू केलं की काळा पडदा, 'कर्नल पॅनिक', अन् 'अनेबल टू माउंट रूट एफएस'. पीक विम्याले लोकं दारात उभे. पोरगा म्हणते पुसून विंडोज टाका. पण डिस्कवर लोकायचे सातबारे पडले हायेत ना!

गावपेंग्विन (मूर्तिजापूर):
पुसू नका भाऊ, फायली जागेवरच हायेत. नवा कर्नल (सिस्टमचा गाभा) बसला, पण त्याची इनिटआरडी फाईल (चालू होताना डिस्क सापडायले लागते ती) तयार व्हायच्या आधी लाईट गेली असं दिसते. म्हणून त्याले डिस्कच सापडत नाही. जुना कर्नल मिंट लगेच काढत नाही, तो कामी येते. चालू करताना शिफ्ट दाबून धरा, नाही जमलं तर एस्केप. ग्रबच्या (चालू होताना काय सुरू करायचं ते निवडायच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात खालच्या नंबरचा कर्नल. आत गेले की टर्मिनलमधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. अर्धं राहिलेलं काम ते पुरं करते. मंगच रीस्टार्ट.

कट्टा_वणी:
मी तर अपडेट बंदच करून ठेवलं. झंझट नाही.

गावपेंग्विन:
अन् लोकायचे आधार नंबर त्याच जुन्या ब्राउझरात टाकता? बंद नका करू, वेळ पाहून करा. रात्री 'सुडो ॲप्ट अपग्रेड -डी' लावून द्या, नुसतं डाउनलोड होते. हॉटस्पॉट तुटला तरी काही बिघडत नाही. बसवायचं मात्र लाईटचा भरवसा असेल तेव्हा.

बांधावरचा:
उठला! जुन्या कर्नलवर आला, कमांड मारली, आता नव्यावरही चालते. पोरगा गुपचूप चहा आणाले गेला. सिस्टमची कॉपी काढून ठेवणारं टाइमशिफ्ट म्हणतात ते लावू का? १६ जीबीचा पेनड्राइव्ह पडला हाय.

गावपेंग्विन:
लावाच, पण त्यात नाही मावणार. दुसरी हार्डडिस्क घ्या, ईएक्सटी४ (लिनक्सचा फॉरमॅट) करा, विंडोजच्या एनटीएफएसवर टाइमशिफ्ट चालत नाही. अपडेटच्या आधी एक स्नॅपशॉट काढत जा. पेनड्राइव्हवर मिंटची आयएसओ (मिंट चालू करायची, बसवायची फाईल) टाकून ठेवा. ग्रबही नाही आलं तर त्यावरून चालू करून टाइमशिफ्ट रिस्टोर करता येते. अन् ध्यानात ठेवा, सांगितल्याशिवाय टाइमशिफ्ट होम फोल्डर (आपल्या फायली असतात तो) घेत नाही. सातबाऱ्याची कॉपी तुम्हालेच वेगळी काढा लागते.